तास कमी असले तरी रजा असतेच : ब्रिटनमध्ये अर्धवेळ काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपल्या वस्त्यांमधून काही मुले-मुली शिकायला ब्रिटनला जातात. कुणी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर, कुणी केंद्राच्या शिष्यवृत्तीवर, कुणी घर गहाण टाकून काढलेल्या कर्जावर. जाण्यापूर्वी आम्ही काही कार्यकर्ते त्यांच्यासोबत एक-दोन बैठका घेतो. व्हिसा, थंडीचे कपडे, खोलीचे डिपॉझिट, कुकर न्यावा की नाही, सगळे विचारून होते. पार्ट-टाइम कामाबद्दलही विचारतात : ताशी किती मिळतात, काम लगेच मिळते का? पण त्या कामात भरपगारी रजा किती, हा प्रश्न आजवर क्वचितच कुणी विचारला आहे. आपण विचारला तर उत्तर येते, "पार्ट-टाइमला कसली रजा?"

हे उत्तर ते घरातूनच घेऊन गेलेले असतात. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात आणि उन्हाळ्यात हात रिकामा राहतो. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना मानधन मिळते, तेही केंद्राच्या निकषानुसार वर्षातले दहा महिनेच. धुणीभांडी करणाऱ्या बाईने चार दिवस खाडा केला की पैसे कापले जातात. रजा म्हणजे सरकारी नोकरीतल्या कायम माणसाची चैन, हे आपण बघत मोठे झालो. त्यामुळे लेस्टरच्या गोदामात किंवा लंडनच्या सुपरमार्केटात आठवड्याला सोळा तास काम करणारा आपला मुलगा रजेचे पैसे मागत नाही आणि मालक आपणहून देतोच असे नाही. वर्षभराचा हिशेब केला तर ही रक्कम हजार पौंडांच्या पुढे जाऊ शकते. कर्ज काढून गेलेल्या घरासाठी हा आकडा लहान नाही. म्हणून हा विषय सविस्तर मांडत आहोत.

मूळ हक्क : ५.६ आठवडे

ब्रिटनमध्ये रजेचा हक्क १९९८ च्या कामाच्या वेळेसंबंधीच्या नियमांतून येतो. त्यानुसार प्रत्येक कामगाराला वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. आठवड्याचे पाच दिवस काम करणाऱ्याला ५.६ गुणिले ५, म्हणजे २८ दिवस. कायद्याने मिळणारी कमाल मर्यादाही २८ दिवसांचीच आहे, त्यामुळे सहा दिवस काम करणाऱ्यालाही २८ च. हक्क कामाच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो. आपल्याकडे कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये वर्षात २४० दिवस भरल्याशिवाय हक्काची रजा लागू होत नव्हती. तशी उंबरठ्याची अट तिथे नाही.

आता "आठवडे" हा शब्द नीट पाहा. रजा आठवड्यांत मोजली असल्यामुळे ती अर्धवेळ काम करणाऱ्याला आपोआप लागू पडते. तुमचा आठवडा दोन दिवसांचा असेल तर ५.६ गुणिले २, म्हणजे ११.२ दिवस. तीन दिवसांचा असेल तर १६.८ दिवस. दर आठवड्याला ठरलेले १६ तास असतील तर ८९.६ तास, २० तास असतील तर ११२ तास. एप्रिल २०२५ पासून २१ वर्षे व त्यावरील कामगाराचे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झाले. त्या दराने ११२ तासांचे १,३६७ पौंड होतात, रुपयांत दीड लाखाच्या घरात. वरचेवर दर बदलतो, पण गुणाकार तोच राहतो.

"कामगार" कोण, याचा अर्थही तिथे रुंद आहे. कायम नोकरीवरचा माणूस त्यात येतो, तसा एजन्सीमार्फत पाठवलेलाही येतो. ज्याला मालक हव्या तेवढ्याच शिफ्ट देतो आणि एकही शिफ्ट देण्याची हमी घेत नाही, तो झिरो-अवर करारावरचा माणूसही येतो. करारात कोणता शब्द लिहिला आहे यापेक्षा प्रत्यक्षात काम कोणाच्या हुकुमाखाली चालते ते पाहिले जाते. उबर कंपनीच्या चालकांबाबत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ ला हेच ठरवले. कंपनी त्यांना स्वतंत्र व्यावसायिक म्हणत होती. न्यायालयाने त्यांना कामगार मानले आणि त्याबरोबर भरपगारी रजाही आली. आपल्याकडे "वेतन" न म्हणता "मानधन" म्हटले की अर्धे हक्क कसे गळून पडतात, हे ज्यांनी अंगणवाडीच्या किंवा पोषण आहाराच्या आंदोलनांत पाहिले आहे त्यांना या निकालाचे मोल सांगायला नको.

बँक हॉलिडेबाबत एक गैरसमज असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये वर्षाला साधारण आठ बँक हॉलिडे असतात. मालक हे दिवस २८ मध्येच धरू शकतो आणि त्या दिवशी सुट्टी मिळालीच पाहिजे असा कायदा नाही. मात्र अर्धवेळ कामगाराला पूर्णवेळ कामगारापेक्षा कमी दर्जाची वागणूक देता येत नाही, असे २००० सालचे स्वतंत्र नियम सांगतात. बहुतेक बँक हॉलिडे सोमवारी येतात. तुमचे काम बुधवार-गुरुवारचे असेल आणि पूर्णवेळवाल्यांना बँक हॉलिडे वरून मिळत असतील, तर तुम्हालाही त्या प्रमाणात काहीतरी मिळायला हवे, हे विचारण्यासारखे आहे.

तास दर आठवड्याला बदलत असतील तर

आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे काम ठरलेल्या तासांचे नसते. या आठवड्यात अठरा तास, पुढच्यात सहा, परीक्षेच्या आठवड्यात शून्य. अशा "अनियमित तासांच्या" कामगारांसाठी आणि वर्षाचा काही भागच काम असणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२४ पासून सुरू होणाऱ्या रजा-वर्षांना वेगळी पद्धत लागू झाली आहे. काम केलेल्या तासांच्या १२.०७ टक्के इतकी रजा जमा होत जाते.

हा आकडा कुठून आला? वर्षाचे ५२ आठवडे, त्यातून रजेचे ५.६ वजा केले की ४६.४ कामाचे आठवडे उरतात. ५.६ ला ४६.४ ने भागले की १२.०७ टक्के. महिन्यात ८० तास काम झाले तर ९.६६ तास रजा येते. अर्धा तास किंवा जास्त असेल तर वरचा पूर्ण तास धरायचा, कमी असेल तर सोडायचा, असा नियम आहे. म्हणून ८० तासांचे १० तास, आणि ७० तासांचे (८.४५) ८ तास.

ही रजा दोन प्रकारे देता येते. एक, रजा जमा ठेवायची आणि तुम्ही सुट्टी घेतली की त्या दिवसांचे पैसे द्यायचे. या प्रकारात एका आठवड्याच्या रजेचा पगार मागच्या ५२ पगारी आठवड्यांच्या सरासरीवर काढतात. ज्या आठवड्यात काहीच पगार नव्हता तो आठवडा सोडून आणखी मागे जातात. परीक्षेत काम बंद होते म्हणून सरासरी खाली ओढली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. दुसरा प्रकार, प्रत्येक पगारासोबतच १२.०७ टक्के रजेचे पैसे देऊन टाकायचे. याला तिथे "रोल्ड-अप हॉलिडे पे" म्हणतात. १२.२१ पौंडांवर ते ताशी सुमारे १.४७ पौंड होतात.

घोळ या दुसऱ्या प्रकारातच सर्वांत जास्त होतो. मालक सांगतो, "तुझ्या ताशी दरातच रजेचे पैसे धरले आहेत." हे ऐकले की पे-स्लिप उघडायची. रजेचे पैसे वेगळ्या ओळीत दाखवलेलेच हवेत. "सगळे मिळून इतके" हे चालत नाही. आणि किमान वेतन रजेचे पैसे बाजूला ठेवून मोजायचे असते. कुणी १२.२१ पौंड देऊन त्यातच रजा आहे म्हणत असेल, तर मूळ दर १०.९० च्या आसपास येतो, म्हणजे किमान वेतनाच्याही खाली. आता एक सोडून दोन तक्रारी झाल्या. शिवाय ही पद्धत फक्त अनियमित तासांच्या आणि वर्षाचा काही भाग काम करणाऱ्यांसाठी आहे. ज्याचे दर आठवड्याचे १६ तास ठरलेले आहेत त्याला ती लावता येत नाही. त्याने प्रत्यक्ष सुट्टी घ्यायची आणि त्या सुट्टीचा पगार घ्यायचा.

पैसे आधीच मिळाले म्हणून सुट्टी घेण्याचा हक्क संपत नाही, हेही सांगायला हवे. रजेचा हेतू विश्रांतीचा आहे. आठवड्याला वीस तास उभे राहून काम आणि वर प्रबंध, यात मुले किती थकतात ते त्यांच्या व्हिडिओ कॉलवरच्या चेहऱ्यावर दिसते.

सत्रापुरते काम, आणि एका संगीत शिक्षिकेचा खटला

आपल्याकडून गेलेल्या काही कुटुंबांतल्या स्त्रिया तिथल्या शाळांमध्ये काम करतात. जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवणे, वर्गात शिक्षिकेला मदत, विशेष मुलांची देखभाल, स्वयंपाकघर. ही कामे बहुधा "टर्म-टाइम" करारावर असतात, म्हणजे शाळेचे सत्र चालू असेल तेवढेच काम. अशांची रजा कशी मोजायची, यावर ब्रिटनमध्ये दहा वर्षांहून जास्त काळ वाद चालला.

वादाचे मूळ बेडफर्डच्या एका मुलींच्या शाळेत आहे. तिथे लेस्ली ब्रेझेल या सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट शिकवत. करार कायम होता, पण तास मुलींच्या मागणीनुसार बदलत आणि काम सत्रातच असे, वर्षाला ३२ ते ३५ आठवडे. २०११ पर्यंत त्यांना सरासरी आठवड्याच्या पगाराच्या ५.६ पट रजेचे पैसे मिळत. त्या वर्षी सप्टेंबरपासून शाळा चालवणाऱ्या हार्पर ट्रस्टने पद्धत बदलली आणि कमाईच्या १२.०७ टक्के द्यायला सुरुवात केली. कागदावर बदल छोटा दिसतो. हिशेब करून पाहू. समजा कुणी वर्षातले ३२ आठवडे, आठवड्याला १० तास, ताशी २० पौंडांनी शिकवते. वर्षाची कमाई ६,४०० पौंड. तिचे १२.०७ टक्के म्हणजे ७७२ पौंड. जुन्या पद्धतीने आठवड्याचे २०० पौंड गुणिले ५.६, म्हणजे १,१२० पौंड. फरक ३४८ पौंडांचा, दरवर्षी. कारण सोपे आहे : १२.०७ हा आकडा ४६.४ आठवडे काम करणाऱ्याचा आहे, ३२ आठवडे करणाऱ्याचा नाही.

ब्रेझेल पहिल्या पायरीवर हरल्या. अपिलात जिंकल्या, पुढच्या अपिलातही जिंकल्या आणि २० जुलै २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. करार वर्षभर चालू आहे ना? मग रजा वर्षाचीच, ५.६ आठवडे. काम वर्षातले काही आठवडेच आहे म्हणून ती प्रमाणात कापायची असे कायद्यात कुठे लिहिलेले नाही, असे न्यायालय म्हणाले.

मालकांचा आक्षेप होता की यामुळे वर्षात मोजके आठवडे काम करणाऱ्याला पूर्णवेळ माणसाच्या तुलनेत जास्त लाभ मिळतो. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. वर्षातून दोन-चार आठवडे परीक्षेवर देखरेख करणाऱ्याला ५.६ आठवड्यांच्या रजेचे पैसे, हे चमत्कारिक दिसते. न्यायालयानेही हे मान्य केले आणि तरीही नियम मोडीत काढण्याइतका तो विचित्रपणा नाही असे म्हटले. पण सरकारने विचारविनिमय करून कायदाच बदलला. वर सांगितलेली १२.०७ टक्क्यांची पद्धत हीच ती, जी आता सत्रापुरते काम करणाऱ्यांनाही लागू झाली आहे. बाईंनी दहा-अकरा वर्षे लढून मिळवलेला निकाल त्यांच्यासारख्या पुढच्या शिक्षिकांसाठी दोन वर्षेही टिकला नाही.

आमचे मत विचाराल तर न्यायालयाचे बरोबर होते. सत्र संपले म्हणून माणसाचे भाडे थांबत नाही. करार तोडलेला नसतो, दुसरीकडे पूर्ण उन्हाळा नोकरी मिळत नसते, आणि मालकाला सप्टेंबरमध्ये तीच अनुभवी बाई हवी असते. वर्षभर बांधून ठेवायचे आणि रजा मोजताना मात्र तिला बत्तीस आठवड्यांचीच समजायचे, यात सोय एकाच बाजूची आहे. परीक्षेवरच्या देखरेखीचे उदाहरण कायदा किंचित सुधारून सुटले असते. त्यासाठी शाळेत घंटा वाजवणारीपासून स्वयंपाकीणबाईपर्यंत सगळ्यांचा हिस्सा कापायला नको होता.

सत्रावर काम करणाऱ्यांनी करारात एक गोष्ट मात्र तपासावी. नव्या नियमात "वर्षाचा काही भाग काम करणारा" तोच, ज्याला वर्षात किमान एक आठवड्याचा असा काळ असतो की काम करणे बंधनकारक नाही आणि पगारही नाही. बऱ्याच शाळा वर्षाचा पगार बारा समान हप्त्यांत देतात. तसे असेल तर पगाराविना आठवडाच उरत नाही, आणि मग तुम्ही या व्याख्येत बसताच असे नाही. अशा वेळी करार घेऊन संघटनेकडे जावे. शाळांतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांमध्ये युनिसन ही मोठी संघटना आहे. रजा शाळेच्या सुट्टीतच घ्यायची अशी अट मालक घालू शकतो. पण तिचे पैसे त्याने दिलेच पाहिजेत.

हंगामी आणि बारमाही

हा वाद वाचताना आम्हाला आपलाच इतिहास आठवला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातल्या कामगारांना भरपगारी सुट्टी देणारी कारखाने कायद्यातली १९४५ ची दुरुस्ती त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडली आणि मंजूर करून घेतली. बारा महिने सलग नोकरी झालेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवस, बालकामगाराला चौदा दिवस. आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यानंतर १९४६ मध्ये झाली. आज आपण ज्याला सहज "पी.एल." म्हणतो, तिचा कारखान्यांपुरता कायदेशीर पाया तिथे घातला गेला.

ती दुरुस्ती बारमाही कारखान्यांसाठी होती. जिनिंग, साखर अशा हंगामी कारखान्यांतला कामगार तिच्याबाहेर राहिला. विदर्भ-खानदेशातल्या जिनांमध्ये राबणारे आपले किती लोक त्यात होते, वेगळे सांगायला नको. हंगामी आणि बारमाही हा भेद १९४८ च्या कारखाने अधिनियमाने काढला, पण २४० दिवसांची अट ठेवली. म्हणजे हंगामीला दार उघडले, उंबरठा उंचच ठेवला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही अट १८० दिवसांवर आली आहे. वर्षाचा काही भाग राबणाऱ्याला वर्षाचा कामगार मानायचे की नाही, हा बेडफर्डच्या शिक्षिकेचा प्रश्न आपल्या जिनातल्या बाईचाही होता.

आपल्या मुलांनी काय सांभाळायचे

विद्यार्थी व्हिसावर पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला कमाल २० तास काम करता येते. आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. दोन ठिकाणी काम असेल तर बेरीज वीसच्या आत हवी. एम.ए., एम.एस्सी. करणाऱ्यांची एक फसगत नेहमी होते : उन्हाळा म्हणजे सुट्टी, असे समजून ते पूर्णवेळ काम धरतात. एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात उन्हाळा प्रबंधाचा असतो आणि तो बहुधा सत्रातच मोडतो. विद्यापीठाचे सत्राचे वेळापत्रक लेखी घेऊन ठेवा. शिष्यवृत्तीवर गेलेल्यांनी कामाबाबतच्या शिष्यवृत्तीच्या अटीही आधी वाचाव्यात.

विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार करता येत नाही. म्हणून कुणी "तू सेल्फ-एम्प्लॉइड म्हणून सही कर, पैसे जास्त मिळतील" म्हणाले तर सही करू नका. त्यात रजा जाते आणि व्हिसाही धोक्यात येतो. रोख पैसे देऊन वीसच्या वर तास करून घेणाऱ्यांचा डाव असा असतो की मुलगा नंतर तोंड उघडू शकत नाही. दुर्दैवाने अशा ठिकाणी आपल्याच देशातले, आपल्याच भाषेतले मालकही भेटतात.

रजा मागायची रीत साधी आहे. करारात वेगळे काही नसेल तर जितके दिवस हवेत त्याच्या दुप्पट दिवस आधी कळवायचे. १४ एप्रिलला तिथे सुट्टी नसते, १४ ऑक्टोबरलाही नसते. जयंतीला लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरच्या बाबासाहेबांच्या घरी जायचे आहे आणि त्या दिवशी शिफ्ट आहे? एका दिवसाच्या रजेसाठी किमान दोन दिवस आधी, शक्यतो ईमेलने, कळवा. मालक कामाच्या गरजेनुसार ती तारीख नाकारू शकतो, पण जितक्या दिवसांची रजा मागितली आहे किमान तितके दिवस आधी त्याने सांगावे लागते. "आजारी आहे" असे खोटे सांगून दिवस बिनपगारी घालवणारी मुले आहेत. स्वतःची भरपगारी रजा शिल्लक असताना हे कशाला?

कामाचे तास स्वतः लिहून ठेवा. वहीत, फोनमध्ये, कुठेही. रोटाचा फोटो काढा. दर महिन्याची पे-स्लिप उतरवून घ्या, कारण नोकरी सुटली की कंपनीच्या ॲपचा पासवर्ड बंद होतो. पुराव्याविना हक्क सिद्ध करणे किती कठीण जाते, हे आपल्याकडच्या कंत्राटी सफाई कामगारांच्या प्रकरणांत आम्ही पुष्कळ पाहिले आहे.

झिरो-अवरवाल्यांची खरी भीती वेगळी असते. रजा मागितली की मालक काही न बोलता शिफ्ट देणे बंद करतो. हक्क मागितला म्हणून त्रास देणे तिथे बेकायदा आहे, पण शिफ्ट का थांबल्या हे सिद्ध करणे सोपे नाही. म्हणून एकट्याने भांडण्यापेक्षा दोन-चार सहकारी मिळून एकाच वेळी विचारणे बरे. सूर माहिती विचारण्याचा ठेवावा : "माझी आजवर किती रजा जमा झाली आहे आणि ती पे-स्लिपवर कुठे दिसते, हे कृपया कळवावे." अनेकदा एवढ्यावरच हिशेब दुरुस्त होतो. नाही झाला तर विद्यार्थी संघाचे सल्ला केंद्र, सिटिझन्स ॲडव्हाइस, किंवा एकॅस ही सरकारी पैशावर चालणारी तडजोड संस्था. तिघांचाही सल्ला फुकट असतो.

सर्वांत जास्त पैसे बुडतात ते नोकरी सोडताना. नोकरी चालू असताना कायद्याची रजा पैशांत विकता येत नाही, पण सोडताना शिल्लक रजेचे पैसे मालकाने दिलेच पाहिजेत. दर आठवड्याला १६ तास ठरलेल्या मुलीने सहा महिने काम केले आणि एकही रजा घेतली नाही, तर ४४.८ तास शिल्लक राहतात. १२.२१ च्या दराने ५४७ पौंड. तिने स्वतः राजीनामा दिला असला तरी मिळतात. मुले प्रबंध जमा करून, सामान बांधून विमानतळ गाठतात आणि शेवटची पे-स्लिप कुणी उघडतच नाही.

दाव्याची मुदत फार लहान आहे : पैसे मिळायला हवे होते त्या तारखेपासून तीन महिन्यांत एक दिवस कमी. तेवढ्यात एकॅसकडे तडजोडीची नोंद व्हावी लागते. ही मुदत सहा महिने करण्याची तरतूद २०२५ च्या नव्या कायद्यात आहे, पण ती लागू झाल्याची खात्री होईपर्यंत तीनच महिने धरून चला. कामगार न्यायाधिकरणात दावा लावायला फी नाही. २०१३ मध्ये ती बसवली होती. युनिसन संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि जुलै २०१७ मध्ये ती रद्द झाली. एकॅसचा अर्ज ऑनलाइन असतो. नागपूरला, औरंगाबादला परत आल्यावरही तो भरता येतो, फक्त पे-स्लिप जवळ हव्यात आणि तारीख उलटलेली नसावी.

वर सांगितलेले सगळे इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरते आहे. बेलफास्टला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत आणि २०२४ चा १२.०७ टक्क्यांचा बदल तिथे लागू नाही.